बनी पार्कातली धुलाई

दुर्गापुरा, जयपूर
१४ एप्रिल २०२४

ती. आई,

पत्र उघडल्यावर तुम्ही आधी शमिकाची खुशाली शोधणार, म्हणून ती पहिल्याच ओळीत. चौथीत गेली, एक दात पडला, आणि चिपळूणहून अजून आंबे आले नाहीत म्हणून आजीवर रुसली आहे. निहारही बरा आहे. आता माझं. ते रविवारच्या व्हिडिओ कॉलवर सांगण्यासारखं नव्हतं. तिथे तुम्हाला नीट ऐकू येत नाही, आपण एकमेकींकडे बघून हसतो, हात हलवतो आणि सगळं छान चाललंय असं ठरून जातं. म्हणून नेहमीसारखं पत्र.

मी कॉलेजची नोकरी सोडली.

पाडव्याच्या मुहूर्तावर इथल्या बनी पार्क भागात एका जुन्या बंगल्याचं मागचं गॅरेज भाड्यानं घेतलं, कपडे धुण्याची दोन मोठी मशीन बसवली आणि धुलाईचा धंदा सुरू केला. गेस्ट हाउसच्या चादरी, अभ्रे, टॉवेल. तुम्ही कपाळाला हात लावला असेल, तो जरा खाली घ्या आणि पुढचं वाचा.

राघवजी म्हणून एक गृहस्थ आहेत. बनी पार्कात त्यांचं गेस्ट हाउस आहे. त्यांच्या चादरी कितीही धुतल्या तरी करड्या दिसायच्या. मी त्यांच्या बोअरचं पाणी प्रयोगशाळेत तपासून दिलं. इथलं पाणी जड, त्यात साबण फेसच धरत नाही. त्यांना उपाय सांगितला, तर ते म्हणाले, "मॅडम, फिर आप ही धो दो।" ते चेष्टेत म्हणाले होते. मी मात्र ते वाक्य घरी घेऊन आले. बारा वर्षं मुलांना जड पाणी आणि मऊ पाणी फळ्यावर शिकवलं, आई. त्यातून एक तरी चादर पांढरी झालेली मला बघायची होती.

निहारशी सगळं बोलणं झालंय. पुढच्या पाडव्यापर्यंत धंदा उभा राहिला तर ठीक. नाही तर मशीन विकायची, आणि तो कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसात बदली मागणार. तुम्हाला यातलं दुसरं आवडेल हे मला ठाऊक आहे. तरी मला हे एक वर्ष मनापासून करायचं आहे.

आणि एक शंका. चादरी आता पांढऱ्याशुभ्र निघतात, पण इस्त्री करूनही मरगळलेल्या दिसतात. पलंगावर घातल्या की तासाभरात सुरकुत्या. तुम्ही इतकी वर्षं सरकारी दवाखान्यात मेट्रन होतात, तुमच्या वॉर्डातल्या चादरींवर म्हणे माशी घसरायची. काय करायचात?

तुमची,
भार्गवी

---

चिपळूण
२५ एप्रिल २०२४

चि. भार्गवीस,

तुझं पत्र दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा मला वाटलं की चष्म्याचा नंबर वाढला.

मला हे पटलेलं नाही. ते आधी लिहून टाकते, म्हणजे पुढे गोड बोलायला मोकळी. माझी सून कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते हे सांगताना मला बरं वाटायचं. बँकेत पासबुक भरायला गेले तरी मी ते काहीतरी निमित्त काढून सांगत असे. आता काय सांगू, परक्या गावात लोकांच्या चादरी धुते? आपल्या घरचे कपडे धुवायला तुझ्याकडे बाई आहे, आणि तू गावाचे धुणार.

दुसरं. मी एकाहत्तरची झाले. घरात एकटी. पुढच्या पाडव्याला तुम्ही पुण्याला याल, या आशेवर मी हे वर्ष काढणार आहे. म्हणजे तुझा धंदा बुडावा असं मला वाटतं असा अर्थ काढू नकोस. काढलास तरी तो अगदीच चुकीचा नाही.

आता चादरींचं. खळ घालत नाहीस ना? वाटलंच. मशीन घेतली की माणसं खळ विसरतात. साबुदाणा भिजवून, शिजवून, गाळून घ्यायचा. पातळ करून शेवटच्या पाण्यात घालायचा. आमच्या नर्सेसच्या टोप्या, डॉक्टरांचे कोट, माझ्या वॉर्डातल्या चादरी, सगळ्यांना साबुदाण्याची खळ. मोठे साहेब तपासणीला आले की आधी रुग्णाकडे नाही, चादरीकडे बघायचे. हातचं राखू नकोस, चांगली घसघशीत घाल.

उंटावरून शेळ्या हाकू नयेत म्हणतात. उंट तुमच्या गावात आणि हाकते मी चिपळुणातून. पण तू विचारलंस म्हणून सांगितलं.

आंब्याची पेटी पाठवली आहे. शमिकाला सांग, रुसवा काढून पेटी उघडावी.

आई

---

दुर्गापुरा, जयपूर
१८ मे २०२४

ती. आई,

आंबे उत्तम. खळीनं मात्र मला पार तोंडघशी पाडलं.

तुम्ही लिहिलंत तसंच सगळं केलं. शिजवली, गाळली, घसघशीत घातली. चादरी गॅरेजवरच्या गच्चीवर वाळत टाकल्या. मे महिन्याचं ऊन आणि इथला कोरडा वारा. उतरवायला गेले तर घडी होईना. मी समजले, इस्त्रीनं सरळ होतील. त्या सरळ झाल्या आणि तशाच राहिल्या. दुसऱ्या दिवशी राघवजी स्वतः गठ्ठा घेऊन दारात. एका पाहुण्यानं तक्रार केली की कूस बदलली की कुणीतरी शेजारी वर्तमानपत्र उलगडतंय असं वाटतं. राघवजी रागावले नाहीत, ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चादर दोन बोटांत धरून एवढंच विचारलं, "मॅडम, यह चादर है कि पापड़?" आणि महिनाभर काम थांबवलं. ते माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होतं.

त्याच आठवड्यात शमिका शाळेतून रडत आली. मुलं तिला लाँड्रीवाली म्हणतात. ते ती सोसते, वरून सांगतेही की मम्माकडे बडी मशीन आहे. पण त्या दिवशी तिचा गणवेश चुरगळलेला होता. बाईंनीच हसून म्हटलं, लाँड्री तुमची आणि कपडे असे? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मी सकाळी सहाला गॅरेजवर जाते. निहारला इस्त्री येत नाही, हे त्यानं लग्नाच्या पहिल्याच महिन्यात सांगून टाकलेलं. मग गणवेश कोण करणार?

खरं सांगते आई, त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. चादरी गेल्या त्याचं कमी. दुसऱ्यांच्या पाहुण्यांसाठी मी राबते आणि माझी मुलगी चुरगळलेली शाळेत जाते, हे मनातून जाईना. कॉलेजात होते तेव्हा असं कधी झालं नव्हतं. निहार फक्त म्हणाला, पाडवा काही लांब नाही.

भार्गवी

---

चिपळूण
३० मे २०२४

चि. भार्गवीस,

चूक माझी. कोकणात खळ घातलेली चादर संध्याकाळपर्यंत हवेतली ओल घेऊन मऊ पडते. ओल घेणार हे धरूनच आम्ही घसघशीत घालायचो. मी तुमच्याकडे आले ती ऑगस्टात, त्यामुळे तुमचा मेमधला वारा मला माहीत नाही. पण सगळी चूक मी पदरात घेणार नाही. रसायनशास्त्र कोण शिकवत होतं, तू की मी? एक चादर आधी करून बघायची. वॉर्डात नवीन औषध आलं तर आम्ही सगळ्या खाटांना एकदम देत नसू.

उरलेली खळ घालवायला चादरी नुसत्या गार पाण्यात रात्रभर ठेव आणि मग धू. राघवजींकडे स्वतः जा, त्यांच्या हातात मऊ चादर दे आणि चूक कबूल कर. माझं नाव सांगितलंस तरी चालेल. चिपळूणच्या मेट्रनला त्यांनी चार शिव्या दिल्या तर मला ऐकू येणार नाही.

आता गणवेश. पत्र वाचून मी एकटीच इतकी हसले की शेजारची ईश्वरी विचारायला आली. निहारला इस्त्री येत नाही? माझी ड्यूटी सकाळची असायची. सहावीपासून बारावीपर्यंत निहारनं स्वतःचा गणवेश स्वतः इस्त्री केला आणि माझी टोपीसुद्धा. टोपीच्या तीन घड्या त्याच्याइतक्या सुरेख आमच्या धोब्याला येत नव्हत्या. अकरा वर्षं त्यानं तुला फसवलं आणि तू फसलीस. हे पत्र त्याला दाखव, आणि इस्त्री त्याच्या हातात दे. तू गणवेशाच्या कपाटाशीही जाऊ नकोस.

आणि एक लक्षात ठेव. आई कामाला जाते म्हणून मूल चुरगळत नाही. घरात इस्त्री येणारा माणूस हातावर हात ठेवून बसतो म्हणून चुरगळतं.

पुण्याबद्दलचं माझं मत आहे तेच आहे.

आई

---

दुर्गापुरा, जयपूर
२१ नोव्हेंबर २०२४

ती. आई,

जूनपासूनच्या माझ्या पत्रांना पत्रं म्हणायची की चिठ्ठ्या, हे तुम्हीच ठरवा. आज मात्र शमिकाला झोपाळ्यावर बसवून निवांत लिहायला घेतलंय.

राघवजी परत आले हे कळवलं होतंच. दसऱ्याच्या सुमारास काय झालं ते ऐका. आमेरचे एक प्रल्हादजी आहेत. लग्नांमध्ये वऱ्हाडाला साफे, म्हणजे आपले फेटे, बांधून देतात. भाड्यानंही देतात, एका लग्नाला शेकड्यानं. प्रत्येक लग्नानंतर ते घामेजलेले साफे धुवायचे, पुन्हा ताठ करायचे. ते राघवजींकडे कुणाच्या तरी वाढदिवसाच्या जेवणाला आले होते. राघवजींनी जेवताना ती पापडाची गोष्ट सगळ्यांना रंगवून सांगितली, आता ती त्यांची आवडती गोष्ट झाली आहे. प्रल्हादजी हसले नाहीत. त्यांनी माझा पत्ता घेतला. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये येऊन मला खळ लावलेला एक तुकडा करून मागितला, बोटांनी चुरला, पुन्हा सरळ केला आणि म्हणाले, "बहनजी, यह कलफ चादर का नहीं, साफे का है।"

इथे खळीला कलफ म्हणतात. मैद्याच्या कलफानं साफ्याचे रंग मंद दिसतात आणि घडीला पांढरी पूड सुटते. साबुदाण्याच्या खळीत दोन्ही नाही. या वेळी मी एक साफा आधी करून बघितला, मग दहा, मग शंभर. तुमचं नवीन औषधाचं वाक्य मी गॅरेजच्या भिंतीवर लिहूनच ठेवलंय. देवउठनी, म्हणजे आपल्या कार्तिकी एकादशीपासून लग्नं सुरू झाली आणि तेव्हापासून आमच्या गच्चीवर लाल, केशरी, लाटांच्या रेघांचे लहरिया, नऊ-नऊ मीटरचे साफे वाळत आहेत. आता माझ्याकडे तीन बायका कामाला आहेत. आई, मी गच्चीवर उभी राहून ते सगळं बघते तेव्हा मला माझाच फार अभिमान वाटतो. हे दुसऱ्या कुणाला लिहिता येत नाही.

निहारनं गुन्हा कबूल केला आहे. गणवेश तोच करतो. रविवारी साफ्यांच्या घड्यांनाही हात लावतो. त्याच्या ऑफिसात थोडी हालचाल चालू आहे, तसं विशेष काही नाही.

खाली शमिकानं स्वतः लिहिलंय. मी सुधारलं नाही.

भार्गवी

आजी, मी ठीक आहे. बाबा खूप अच्छी इस्त्री करतो. माझी स्कर्टची प्लेट एकदम सीधी असते. मतलब क्लासमध्ये सबसे सीधी. तू कधी येणार. शमिका.

---

चिपळूण
१० डिसेंबर २०२४

सौ. भार्गवीस आशीर्वाद.

पत्र मिळाले. धंदा वाढला हे वाचून आनंद झाला. चि. शमिकाचे अक्षर चांगले आहे. माझी तब्येत ठीक आहे. डोळे चुरचुरतात म्हणून शेजारची ईश्वरी हे लिहून देत आहे. काळजी नसावी.

आई

---

दुर्गापुरा, जयपूर
१९ डिसेंबर २०२४

ती. आई,

तुमचं पत्र आलं. इतकं छोटं आणि इतकं शहाणं पत्र तुम्ही आजवर कधी लिहिलं नव्हतं. टोमणा नाही, चूक काढलेली नाही, पुण्याचा विषय नाही. मला सौ. म्हणून आशीर्वाद दिलात, ते वाचून मी घाबरले. रविवारी कॉलवरही तुम्ही हसला नाहीत, पदर सावरून नुसत्या बसून होतात.

तुम्हाला कळलं आहे. निहारच्या पुण्यातल्या कुणा मित्राकडून कळलं असणार. म्हणून आता मीच सांगते.

निहारला पुण्याला बदली देऊ केली आहे, बढतीसकट. ऑक्टोबरातच. आम्ही मागितली नव्हती. त्यानं उत्तर द्यायला वेळ मागून घेतला, आणि मी त्याला सांगितलं की आईंना इतक्यात सांगू नकोस. मागच्या पत्रात "तसं विशेष काही नाही" लिहिलं ते खोटं होतं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही पाडव्याची वाटही बघितली नसती, आणि तुमच्या आनंदासमोर मला नाही म्हणता आलं नसतं. साफ्यांचं काम नुकतं कुठे बसत होतं. मला थोडे महिने हवे होते. तुमचा मुलगा तुमच्या जवळ येतोय ही गोष्ट मी तुमच्यापासून लपवली. तुम्ही रागावलात त्यात काहीच चूक नाही.

मी विचार केला. तुम्ही एकट्या आहात. धंदा काय, पुण्यात पुन्हा उभा करता येईल, नाही आला तर कॉलेजं तिथेही आहेत. मी निहारला हो म्हणायला सांगितलं आहे. लेखी उत्तर जानेवारीअखेर द्यायचं आहे. सध्या इथे मलमास, म्हणजे आपला धनुर्मास, सुरू आहे, लग्नं नाहीत, काम कमी आहे. प्रल्हादजींना सांगायला मी रोज जाते म्हणते आणि जात नाही.

राग सोडा आणि मला नेहमीसारखं, खरडपट्टी काढणारं पत्र लिहा.

भार्गवी

---

चिपळूण
२८ डिसेंबर २०२४

भार्गवी,

हे डाव्या हातानं लिहिते आहे. कोंबडीचे पाय दिसतील. वाच.

मला कुणी काही सांगितलं नव्हतं. बदलीचं तुझ्या पत्रातूनच कळलं.

न्हाणीघरात पाय घसरला. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर आहे. ईश्वरी आणि तिची आई डबा देतात, केस विंचरून देतात. कॉलवर हात पदराखाली ठेवला. मी इतकी वर्षं नर्स होते, रुग्ण नातेवाइकांपासून कसं लपवतात ते मला चांगलं येतं.

का लपवलं? तुझं नोव्हेंबरचं पत्र वाचलं आणि त्यानंतर चार दिवसांनी पडले. गच्चीवरचे साफे वाचले होते. तुम्हाला कळलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी मशीनला गिऱ्हाईक शोधलं असतंस. मी तुला ओळखते. म्हणून ईश्वरीला म्हटलं, चार ओळी लिही, गोड लिही. पोरीनं फारच गोड लिहिलं.

म्हणजे मी तुझा धंदा वाचवायला हात लपवला, आणि तो लपवलेला हात बघूनच तू धंदा बंद करायला निघालीस. आपण दोघी शहाण्या.

आता नीट ऐक. मशीन विकायची नाहीत. प्रल्हादजींकडे जायचं नाही. गेली असशील तर परत जा आणि सांग की डोकं फिरलं होतं.

मला माणूस लागणार आहे हे खरं. प्लास्टर अजून तीन आठवडे तरी आहे. पण त्यासाठी गाव सोडून सगळ्यांनी यायला नको. मुलगा मला एक आहे, त्याला पाठव. लॅपटॉप कुठेही चालतो असं तोच सांगतो. चिपळुणात वीज आहे. बदलीचं काय करायचं ते तो इथे बसून ठरवेल, माझ्याकडे बघून.

हात दुखला. पुरे.

आई

---

दुर्गापुरा, जयपूर
५ जानेवारी २०२५

ती. आई,

हे पत्र निहारच्या हातीच देते आहे. तुमचं पत्र आम्ही दोघांनी मिळून वाचलं. त्यानं लगेच उठून बॅग काढली. मी तुमच्यावर रागावले आहे. महिनाभर प्लास्टर घेऊन एकट्या राहिलात. भेटल्यावर भांडेन.

प्रल्हादजींकडे मी गेले नव्हते. आता गेले, ते संक्रांतीनंतरच्या लग्नांचं काम घेऊन आले. कधी नव्हे इतकं काम आहे. निहार नसताना जमेल का याची धास्ती वाटते, हे तुमच्यापासून लपवत नाही. आता काहीच लपवायचं नाही असं मी ठरवलं आहे. शमिका शाळेतून थेट गॅरेजवर येईल, तिथेच अभ्यास करेल. तिचा गणवेश ती स्वतः इस्त्री करायला शिकते आहे. बाबांनी जायच्या आधी दोन दिवस शिकवणी घेतली. सध्या गच्चीवर पतंगांच्या दोऱ्या येऊन अडकतात, त्या काढायचं कामही तिच्याकडेच.

बदलीबद्दल मी निहारला एक अक्षर सांगितलेलं नाही. माझं काय म्हणणं आहे ते त्याला माहीत आहे आणि तुम्हाला काय हवंसं आहे तेही. इथे राहायचं ठरलं तर मला किती आनंद होईल ते लिहीत नाही, आणि पुण्याला जायचं ठरलं तर मी कुरकुर करणार नाही. तुम्हाला मुलगा जवळ हवा, यात जास्त मागितलं असं काही नाही.

तुमची औषधं, शमिकाचं चित्र आणि एक केशरी साफा बॅगेत आहे. साफा कशासाठी असं विचारू नका. हात लावून बघा.

भार्गवी

---

चिपळूण
२७ जानेवारी २०२५

चि. भार्गवीस,

प्लास्टर निघालं. हे उजव्या हातानं लिहिते आहे, अक्षर अजून अडखळतं पण डाव्यापेक्षा बरं.

साफा हात लावून बघितला. दोन बोटांत चुरला, सोडला, तसाच ताठ. इथल्या हवेत आठ दिवस ठेवला तेव्हा कुठे नरमला. इतकी वर्षं मी खळ घातली, पण असा हात मला बसला नव्हता. एवढी स्तुती मी माझ्या हाताखालच्या कुठल्याही नर्सची केलेली नाही.

निहार सकाळी भात लावतो, माझी वेणी घालतो, मग लॅपटॉप उघडून बसतो. वेणी वाकडी घालतो. माझ्या साड्या धुऊन इस्त्री करतो, ती मात्र अजून तशीच सुरेख. संक्रांतीला तिळगूळ घ्यायला बायका आल्या, त्यांना चहा त्यानंच दिला. एकीनं विचारलं, सून नाही का आली सासूचा हात मोडला तरी? मी म्हटलं, तिचा साफ्यांचा मोसम आहे, मालकिणीला कसं निघता येईल? मला कमी ऐकू येत असल्यानं मी जरा मोठ्यानं बोलते, त्यामुळे ते सगळ्यांनी ऐकलं. बँकेतही सांगून झालं आहे.

आता खरी गोष्ट. मला तुम्ही जवळ हवे आहात. ती इच्छा गेलेली नाही आणि जाणारही नाही, मी काही संत नाही. निहार इथे आल्यापासून घराला आवाज आला आहे, मला नीट ऐकू येत नसला तरी कळतो. तो परत जाईल त्या दिवशी मला वाईट वाटणार आहे. हे सगळं धरून मी पुढचं सांगते.

काल दुपारी तो ऑफिसला उत्तर लिहायला बसला. मी समोर भाजी निवडत होते. लिहून झाल्यावर त्यानं लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. बदली नको असं लिहिलं होतं. त्याला मी काही सांगितलं नव्हतं, तुझ्यासारखीच मीही गप्प होते. त्याचं त्यानं ठरवलं. माझ्याकडे बघून म्हणाला, आई, दर दोन महिन्यांनी मी आठ दिवस येईन, काम इथूनच करीन. मी मान हलवली.

पण कारण त्यानं लिहिलं होतं, कौटुंबिक कारणास्तव. मी म्हटलं, हे खोड.

तो म्हणाला, ऑफिसात असंच लिहितात.

मी त्याला सांगितलं, मेट्रन असताना नर्सेसचे राजीनामे माझ्या टेबलावरून जायचे. चांगल्या, हाताला यश असलेल्या मुली. कारणाच्या जागी सगळ्या सरळ लिहायच्या, पतीची बदली झाल्यामुळे. एकीनंही कौटुंबिक कारण लिहून झाकलं नाही. मीही त्यावर सही करून पुढे पाठवायचे, त्यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नाही, आणि त्या मुलींना लाज वाटली नाही. मग तुला कसली वाटते?

मग त्यानं ती ओळ खोडली आणि लिहिलं: माझ्या पत्नीचा व्यवसाय जयपूरला आहे, त्यामुळे मी जयपूर सोडू शकत नाही.

मी त्याला म्हटलं, आता मोठ्यानं वाच. तो उभा राहिला आणि ईश्वरीच्या घरापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं त्यानं ते वाचलं, आणि मग पाठवलं.

तुझी,
आई